बुडालेल्या गोळ्यांचा रविवार

मंगळवार, ३ मार्च

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रोज प्रेशर मोजा आणि कसं वाटतंय ते लिहून ठेवा. नुसते आकडे लिहायचे म्हटलं तर मला जांभया येतील, म्हणून टायरवाला दरवर्षी फुकट देतो ती डायरी बाहेर काढली. आजवर तिच्यात फक्त किराणा लिहिला जायचा.

तर झालं असं. गाडी शिकवायचा माझा परवाना वाढवून घ्यायचा होता, त्याला डॉक्टरांचं प्रमाणपत्र लागतं. दरवर्षीचं पाच मिनिटांचं काम. या वर्षी बाईंनी दंडाला पट्टा बांधला, हवा भरली, सोडली, परत भरली आणि त्यांचा चेहराच बदलला. एकशे सत्तरवर शंभर. मी म्हटलं, येताना एकाने सिग्नल तोडला, त्याचा राग असेल. त्या म्हणाल्या, मागच्या वर्षीही तुम्ही हेच म्हणाला होतात. प्रमाणपत्र दिलं, पण प्रेशर आटोक्यात ठेवायच्या अटीवर.

मग गोळी लिहून दिली. शरीरातलं जास्तीचं मीठ आणि पाणी लघवीवाटे बाहेर काढते, त्याने प्रेशर उतरतं. रोज सकाळी एक. त्यापुढे त्या बरंच बोलल्या. पाणी पिण्याचं काहीतरी, बसल्या जागेवरून उठण्याचं, दुसऱ्या औषधांचं, आणि दोन आठवड्यांनी रक्त तपासायचं. खरं लिहायचं तर माझं निम्मं लक्ष खिडकीबाहेर होतं. समोर एक गृहस्थ गाडी लावत होते आणि प्रत्येक वेळी चाक नेमकं उलटं वळवत होते. मला बसल्या जागी घाम फुटला. कळलं ना सगळं, असं बाईंनी विचारलं तेव्हा मी मान डोलावली.

घरी येऊन ह्यांना सांगितलं. हे म्हणाले, इतकी वर्षं तू लोकांना घाम फोडलास, आता तुझं पाणी निघणार. निवृत्त झाल्यापासून हे माझ्या शाळेचे फोन आणि तासांची वेळापत्रकं सांभाळतात, आणि ह्यांना विनोद सुचायला लागलेत.

गुरुवार, ५ मार्च

गोळी कामाची आहे, यात शंका नाही. साडेआठला घेतली आणि नऊला बँकवाल्यांचा, म्हणजे बँकेत नोकरी करणाऱ्या माझ्या एका विद्यार्थ्याचा, तास सुरू केला. पहिल्या चौकातच लक्षण ठीक दिसेना. दुसऱ्या चौकात मी त्यांना म्हटलं, चला, आज पेट्रोलपंपावर गाडी कशी लावतात ते शिकू. ते म्हणाले, पण पेट्रोल तर भरपूर आहे. मी म्हटलं, शिकायला काय हरकत आहे?

त्यानंतर वाचनालयासमोर गाडी लावायला शिकलो. मग परत पेट्रोलपंप.

पुरुषांचं एक बरं असतं. बाईमाणसाला शहरात गाडी फिरवताना कुठे दार उघडं आहे, कुठे कडी आहे आणि कुठे किल्ली मागावी लागते, हा सगळा नकाशा डोक्यात ठेवावा लागतो. वीस वर्षं मी हे काम करते आहे ते सकाळी चहाचा अर्धा कप पिऊन, त्यापुढे दुपारपर्यंत थेंब नाही. आता ही गोळी आतून उपसायला लागली तर मी करायचं काय?

अकराला वन्सं आल्या. वन्सं म्हणजे ह्यांची मोठी बहीण, आमच्याच वरच्या मजल्यावर राहतात. दोन वर्षांपूर्वी त्यांचे यजमान गेले, त्यांची गाडी खाली शेडमध्ये कापड पांघरून उभी आहे. ती स्वतः चालवायची, असं या वर्षी त्यांनी मनावर घेतलं. हात स्थिर, नजर चांगली, आरसे बघायचं न सांगता लक्षात. फक्त ब्रेक दाबत नाहीत. समोर काही आलं की माझ्याकडे बघतात, आणि मी माझा ब्रेक दाबते. शिकवायच्या गाडीत माझ्या पायाखाली दुसरा ब्रेक असतो ना, त्यावर त्यांचा सगळा भरवसा. मी रागावले की म्हणतात, "तू आहेस ना!"

तो ब्रेक हीच माझी सगळी पत आहे. शिकणारी मंडळी मला पाठीमागे ब्रेकबाई म्हणतात, ते मला ठाऊक आहे आणि आवडतंही. शेजारच्या सीटवर बसले की पाय आपोआप तिथे जातो. बसमध्ये बसले तरी मी जमीन दाबते. घरी टीव्हीवर गाड्यांची शर्यत लागली तर हे माझ्या पायाखालची चटई काढून घेतात.

रविवार, ८ मार्च

युक्ती सापडली. इतकी साधी की आधी कशी सुचली नाही!

आमच्या गाडी शिकवायच्या शाळेचा पहिल्या दिवसापासूनचा नियम आहे, आठवड्यात बुडालेला तास रविवारी भरून मिळेल. पाटीवरही तसंच रंगवून घेतलंय. त्या एका ओळीवर आमची शाळा चालली, कारण दुसरे कुणी भरून देत नाहीत. मग गोळीला वेगळा न्याय कशाला? ज्या दिवशी सकाळचे तास ओळीने असतात त्या दिवशी गोळी घ्यायची नाही. रविवारी घरीच असते, तेव्हा बुडालेल्या सगळ्या घ्यायच्या. सध्या कुणी तास बुडवत नाही, त्यामुळे माझा रविवार मोकळा आहे.

गुरुवारच्या फजितीनंतर शुक्रवारची आणि कालची राहिली होती. आज सकाळी नाश्ता झाल्यावर आजची धरून तीन घेतल्या. दुपारपर्यंत माझा मुक्काम कुठे होता ते लिहायची गरज नाही. हे म्हणाले, तिथे एक खुर्ची आणि वर्तमानपत्र ठेवू का?

संध्याकाळी प्रेशर मोजलं. एकशे अठरावर चौऱ्याहत्तर! पंचविशीतही माझं इतकं चांगलं नसेल. अंगात थोडी कणकण आहे आणि तोंडाला कोरड, पण ती दमणुकीची असणार.

गुरुवार, १२ मार्च

आज सहज मोजलं तर एकशे अडुसष्ट. ह्यांना मोजायला लावलं तर ह्यांचंही जास्त आलं. म्हणजे यंत्रच बिघडलंय. आता रविवारीच मोजत जाईन, तेव्हा ते बरोबर दाखवतं.

मंगळवार, १७ मार्च

रक्त तपासायची आजची तारीख होती. नेमक्या आजच तिघांच्या परवान्याच्या परीक्षा लागल्या, मैदानावर उभं राहावं लागलं. तिघेही पास. रक्त काय, पळून जात नाही, पुढच्या आठवड्यात देईन.

परवा रविवारी परत तीन भरून काढल्या. काल सकाळी अंथरुणातून उतरताना उजव्या पोटरीत असा गोळा आला की मी ओरडलेच. ह्यांनी धावत येऊन पाय चोळून दिला. म्हणाले, वयाचं आहे. मी म्हटलं, वय तुमचं झालंय. मग ह्यांच्या खणातली गुडघेदुखीची गोळी घेतली. चांगली आहे. दुखणं तासाभरात गेलं. आता रोज एक घेत जाईन, म्हणजे पाय कुरकुरणार नाही. आणि पाणी आणखी कमी केलंय. जितकं कमी पिऊ तितकं कमी निघणार, यात डॉक्टरांची काय गरज?

सोमवार, २३ मार्च

आज बँकवाल्यांनी मला खूश केलं. बाजाराच्या रस्त्यावर एक सायकलवाला न बघता आडवा आला. मी ब्रेकवर पाय टाकते आहे तोवर त्यांनी स्वतःच दाबून गाडी थांबवली होती. माझ्या आधी! इतक्या वर्षांत असं कधी झालं नव्हतं. मी त्यांना म्हटलं, वा, आता तुम्ही तयार झालात. ते लाजले. शिकवणं असं फळाला आलं की बरं वाटतं.

पाय थोडा जड वाटतोय. रविवारनंतरचा सोमवार जरा असाच जातो.

शुक्रवार, २७ मार्च

ह्यांच्याशी वाजलं. जेवून उठले आणि खोली एकदम बाजूला झुकली. कपाटाला धरून उभी राहिले, तेवढ्यात हे आले. काय होतंय म्हणाले. काही नाही म्हटलं. हे म्हणाले, डॉक्टरकडे चल. मी म्हटलं, तुम्ही आपली फोनवरची वेळापत्रकं सांभाळा. नको ते बोलून गेले. ह्यांनी ताट उचललं आणि धुवायला गेले.

इथे तरी खरं लिहिते. मला भीती वाटते. डॉक्टरीणबाईंना चक्कर सांगितली तर त्या प्रमाणपत्र परत घेतील. त्या सीटवर बसायचं नाही म्हणतील. मग मी कोण? घरात भांडी लावणारी, बसमध्ये उगाच जमीन दाबणारी एक बाई. वन्संची परीक्षा येत्या गुरुवारी आहे. ती एकदा होऊ दे, मग दाखवते.

रविवार, २९ मार्च

या आठवड्यात चार बुडाल्या होत्या. आजची धरून पाच. प्रेशर एकशे चारवर साठ. उत्तम. हात थरथरतोय म्हणून अक्षर असं आलंय.

मंगळवार, ३१ मार्च

हे दवाखान्यातून लिहिते आहे. डाव्या हाताला सलाईन आहे, उजवा मोकळा. डायरी ह्यांनीच आणून दिली, म्हणाले, लिही, नाहीतर नर्सला गाडी चालवायला शिकवशील.

काल काय झालं ते नीट लिहिते. परीक्षेला उताराचा रस्ता असतो म्हणून वन्संना शाळेमागच्या उतारावर घेऊन गेले. त्या छान चालवत होत्या. उताराच्या तळाशी, उभ्या टेम्पोच्या आडून, एक बाई बाळाची ढकलगाडी घेऊन रस्त्यात आली. तिने आमच्याकडे बघितलंही नाही. मी पाय दाबायला गेले आणि पोटरीत दगड झाला. पाय पुढे जाईना. माझा पाय, माझ्या मालकीचा, आणि मी सांगते ते तो ऐकेना. ओरडायचंही सुचलं नाही. वन्संनी माझ्याकडे बघितलं.

आणि गाडी थांबली. जागच्या जागी, इंजिन बंद पडून. बाई ढकलगाडी घेऊन पलीकडे गेली. पुढे बाळाची टोपी तेवढी दिसली.

वन्संनी हँडब्रेक ओढला, दोन्ही बाजूंचे दिवे लावले, सगळं शिकवल्याप्रमाणे. मी जरा हवा घ्यावी म्हणून दार उघडून उतरले आणि त्यानंतरचं मला आठवत नाही.

रक्ताचा अहवाल आला. शरीरात पाणी नाही, पोटॅशियम पार तळाला, मूत्रपिंडं रागावलेली. डॉक्टरीणबाई खुर्ची ओढून बसल्या आणि म्हणाल्या, पहिल्यापासून सांगा. मी सांगितलं. रविवारचा नियम ऐकताना त्यांनी पेन खाली ठेवलं.

"कुणी महिनाभर एकही तास घेतला नाही आणि शेवटच्या दिवशी सकाळपासून रात्रीपर्यंत सगळे घेतले, तर त्याला तुम्ही परीक्षेला बसवाल?"

"छे. गाडी ठोकेल."

"मग?"

माझ्याच भाषेत मला कुणी इतकं नीट समजावलं नव्हतं.

मग त्यांनी एकेक सांगितलं, आणि या वेळी खिडकीला पडदा होता. राहिलेली गोळी त्याच दिवशी लवकर आठवली तर घ्यायची. दुसऱ्या दिवशी आठवली तर ती बुडाली, सोडून द्यायची. दोन एकदम कधीच नाही. बुडवलेल्या दिवशी प्रेशर चढतं आणि भरून काढलेल्या दिवशी शरीरातलं पाणी आणि क्षार वाहून जातात, म्हणजे दोन्हीकडून नुकसान. पाणी आपल्या मनाने तोडायचं नाही. ह्यांची गुडघ्याची गोळी आणि ही गोळी एकत्र म्हणजे मूत्रपिंडांवर दुहेरी ओझं, त्यामुळे कुठलीही दुसरी गोळी विचारल्याशिवाय नाही. उलट्या, जुलाब झाले तर फोन करायचा. बसल्या जागेवरून सावकाश उठायचं. आणि रक्ताची तारीख म्हणजे तारीख.

मला वाटलं, आता ओरडतील. त्या म्हणाल्या, "तुम्ही मला कामाचं सांगितलं नाहीत. पण मीही विचारलं नाही. सकाळभर गाडीत बसणाऱ्या बाईला ही गोळी देताना मी विचारायला हवं होतं." मला एकदम रडू आलं. सलाईनमुळे असेल.

जाता जाता त्यांनी विचारलं, "काल त्या क्षणी पाय चालला ना तुमचा?"

तेवढ्यात वन्संच बोलल्या. पलंगाच्या पायाशी उभ्या होत्या, डोळे सुजलेले. "चालला म्हणजे? चक्कर येत असतानासुद्धा हिने ब्रेक दाबला. ही होती म्हणून ते बाळ वाचलं."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, हो, चालला.

शुक्रवार, ३ एप्रिल

घरी आले. तीन आठवडे त्या सीटवर बसायचं नाही, मग परत रक्त तपासायचं आणि ठरवायचं. ह्यांनी सगळ्यांना फोन करून तास पुढे ढकलले. वन्संची परीक्षाही महिन्याच्या शेवटी लागली.

वन्संनी ती गोष्ट सगळ्या गल्लीला सांगितली आहे. बँकवाले केळी घेऊन भेटायला आले. म्हणाले, बाई, बेशुद्ध पडतानाही तुमचा पाय ब्रेकवर होता म्हणे. मी केळं सोलत राहिले. डॉक्टरांना विचारून केळी खायला परवानगी आहे. पण ते तसंच बशीत ठेवून दिलं.

त्यांना विचारावंसं वाटलं, त्या दिवशी सायकलवाला आडवा आला तेव्हा तुम्ही ब्रेक लवकर दाबलात की मी उशिरा? विचारलं नाही. मला उत्तर आता कळलंय.

बुधवार, ८ एप्रिल

आज वन्सं खाली आल्या आणि माझ्याजवळ बसल्या. म्हणाल्या, परीक्षा देत नाही. गाडी विकून टाकते. गिऱ्हाईकही आहे.

मी विचारलं, का?

"परीक्षेत तुझा पाय नसणार," त्या म्हणाल्या. "त्या दिवशी तू नसतीस तर माझ्या हातून काय झालं असतं? मला रोज ती टोपी दिसते गं."

मी म्हटलं, अहो वन्सं, तुम्ही तयार आहात. त्या म्हणाल्या, तयार बियार काही नाही, तू आहेस म्हणून मी आहे. आणि वर गेल्या. खिडकीतून मी बघितलं, शेडमध्ये जाऊन गाडीवरचं कापड सारखं करत होत्या. कापड सारखंच होतं.

दिवसभर मनाला लागून राहिलं. खरं सांगितलं तर काय होईल? ब्रेकबाईचा पाय ऐन वेळी चालला नाही, हे गल्लीत कळेल. डॉक्टरीणबाई तीन आठवड्यांचे सहा करतील, कदाचित कायमचंच नाही म्हणतील. आणि नाही सांगितलं तर वन्सं आयुष्यभर असं मानतील की एक बाळ त्यांच्या हातून मरता मरता राहिलं. वाचवलं त्यांनी, आणि भीती घेऊन त्याच बसल्यात. श्रेय मी घेऊन बसले आहे, पाटीवर रंगवून घेतल्यासारखं.

गुरुवार, ९ एप्रिल

सांगितलं.

सकाळी वर गेले. जिना सावकाश चढले, कठड्याला धरून. वन्सं कपड्यांच्या घड्या घालत होत्या. मी बसले नाही, बसले असते तर बोलले नसते.

"वन्सं, त्या दिवशी मी ब्रेक दाबला नाही. माझा पाय वळला होता. तो हललाच नाही."

त्यांनी घडी घालायची थांबवली. "मग गाडी थांबली कशी?"

"तुम्ही थांबवलीत."

त्या म्हणाल्या, मी तर तुझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, बघत होतात, आणि पाय तुमचा तोवर खाली गेला होता. तीन महिने मी तुमच्यावर ओरडते आहे ते त्याच्यासाठीच. त्यांनी आपल्या उजव्या पायाकडे बघितलं, जणू तो नव्याने घरात राहायला आला होता. चपलेतून काढला, परत घातला.

मग रागावल्या. फार रागावल्या. मला वाटलं होतं त्याहून जास्त. म्हणाल्या, दहा दिवस मला झोप नाही आणि तू ऐकत बसलीस? मी ऐकून घेतलं. बरोबरच होतं त्यांचं. शेवटी म्हणाल्या, "आणि तू मूर्खासारखी पाच-पाच गोळ्या गिळत होतीस, तेव्हा मला नाही सांगावंसं वाटलं? मी वरच राहते."

"तुम्ही डॉक्टरकडे नेलं असतं."

"हो. ओढत."

दुपारी डॉक्टरीणबाईंना फोन केला आणि तेही सांगितलं. त्या म्हणाल्या, हे कळलं ते फार बरं झालं, कारण माझा निर्णय त्यावरच होता. तीनऐवजी सहा आठवडे. त्यानंतर पाय, रक्त आणि प्रेशर तिन्ही ठीक असेल तरच सीट. मी हो म्हटलं. फोन ठेवला आणि डायरीत सहा आठवडे मोजून खूण केली.

ह्यांना सांगितलं तर हे म्हणाले, मला अंदाज होता. कसा, असं विचारलं. तर म्हणाले, गल्लीभर कौतुक चाललंय आणि तू एकदाही फुशारकी मारली नाहीस.

मंगळवार, २८ एप्रिल

वन्सं पास. पहिल्या फटक्यात. परीक्षक मध्येच एकदम म्हणाला, थांबा, आणि त्या थांबल्या. मी मैदानाच्या कडेला बाकावर बसले होते आणि बाकाखालची जमीन दाबत होते.

माझी गोळी बदलली आहे. म्हणजे तीच, पण अर्धी, आणि सोबत दुसऱ्या जातीची एक. उठल्या उठल्या सहाला घ्यायची, म्हणजे दहापर्यंत तिचा जोर ओसरतो. नऊचा तास मी कायमचा रद्द केला, सीट परत मिळाली की पहिला तास साडेदहाला. इतकं सोपं होतं. फक्त कुणाला तरी विचारायला हवं होतं. प्रेशर रोज मोजते, आठवड्याच्या मध्येसुद्धा. यंत्र बिघडलेलं नव्हतं.

ह्यांनी गोळ्यांच्या डबीवर चिठ्ठी चिकटवली आहे. पाटीवरच्या अक्षरात लिहिलंय, बुडालेली गोळी भरून मिळणार नाही. आपली गुडघ्याची डबी त्यांनी दुसऱ्या खणात हलवली.

रविवार, १० मे

आज वन्संनी शेडमधल्या गाडीवरचं कापड काढलं. आम्हाला बाहेर न्यायचं असं त्यांनी जाहीर केलं. हे मागे बसले, मी पुढे. त्यांच्या यजमानांचा चष्मा अजून पुढच्या खणात होता. त्यांनी तो बघितला, परत तिथेच ठेवला आणि किल्ली फिरवली.

तळ्याच्या रस्त्याने निघालो. आरसे बघत होत्या, वळणं नीट घेत होत्या. मध्येच न विचारता त्यांनी पेट्रोलपंपावर गाडी घेतली आणि म्हणाल्या, जा, आम्ही थांबतो. गाडी अगदी रेषेत लावली होती. ते मात्र सगळ्यांना मी उत्तम शिकवलंय.

पुढे बाजारापाशी एक हातगाडीवाला आडवा आला. माझा पाय आपोआप खाली गेला आणि चटईवर आपटला. त्या गाडीत माझ्या बाजूला ब्रेक नाही. नुसतीच जमीन. गाडी हळू झाली, थांबली. हातगाडीवाला निघून गेला. वन्संनी माझ्याकडे बघितलं नव्हतं, समोरच बघत होत्या.

"पाय काढ तो," त्या म्हणाल्या. "मी आहे ना!"

मागून हे हसले. मला लाज वाटली, राग आला, आणि मग कसलंतरी फार मोठं ओझं उतरल्यासारखं झालं. मी चपला काढल्या, दोन्ही पाय वर घेतले आणि मांडी घालून बसले. सीटचा पट्टा नीट बसतो ना ते बघितलं. आयुष्यात गाडीत मांडी घालून कधी बसले नव्हते. तळ्यापर्यंत तशीच बसून राहिले.